बिनतारी घराचा भरवसा

सांगली-सातारा पट्ट्यातील अनेक जैन घरांचे चित्र आता सारखेच दिसते. मुले-सुना पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. गावाकडच्या घरात आई-वडील, कोठे केवळ एकटी आजी. दिवाळीच्या किंवा पर्युषणाच्या सुटीत आलेला मुलगा घरात चार यंत्रे बसवून जातो. दारावर कॅमेरा, गच्चीवरील टाकी भरताच मोटार बंद करणारा सेन्सर, जिन्यात आपोआप लागणारा दिवा, सकाळी स्तोत्रे ऐकवणारा स्पीकर आणि आजीच्या उशाशी संकटकाळी दाबावयाचे बटण. ही सारी यंत्रे एकमेकांशी आणि दूरच्या मुलाच्या मोबाइलशी तारेवाचून बोलतात, म्हणून त्यांचे कौतुक. परंतु महिना-दोन महिन्यांत तक्रारी सुरू होतात. कॅमेरा मध्येच गायब होतो, दिवा हाकेला ओ देत नाही, टाकी वाहून जाते आणि पडद्यावर एकच वाक्य उमटते: ‘उपकरण ऑफलाइन आहे.’

दिव्याच्या बाबतीत हा केवळ मनस्ताप ठरतो. उशाशी असलेल्या बटणाच्या बाबतीत मात्र तसे नाही. बटण बंद पडले आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर परदेशातील मुलगा निर्धास्त राहतो, आजीही निर्धास्त राहते, आणि प्रसंग आल्यावर तो भरवसा पोकळ होता हे कळते. म्हणून बिनतारी जोडणी का तुटते आणि ती कशी सावरावी, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे इष्ट आहे. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही; थोडे निरीक्षण आणि पुष्कळ संयम एवढे पुरेसे आहे.

लहरींचा स्वभाव

बिनतारी संदेश या भागाला नवा नाही. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झवरचे त्याचे कार्यक्रम ऐकत येथील पिढ्या वाढल्या. त्या लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. एवढी लांब लहर टेकड्यांना वळसा घालते, घराच्या भिंतींना जुमानत नाही. म्हणून शेतातल्या खोपीत टांगलेला साधा ट्रान्झिस्टरही खणखणीत बोलत असे.

घरातील वायफायची लहर याच कुळातील, पण स्वभावाने निराळी आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्याही निम्म्याहून आखूड. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात याहूनही आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आखूड लहर भिंत ओलांडू शकते, हे त्यांनी जगाला दाखवले. परंतु प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते, हेही तितकेच खरे.

हा कर भिंतीच्या जातीवर ठरतो. साताऱ्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांच्या काळ्या दगडी भिंती दोन-दोन फूट जाडीच्या असतात. अशा दोन भिंती ओलांडताना वायफायचा बहुतेक जोर संपतो. सांगलीच्या नव्या वसाहतींतील विटांची भिंत त्या मानाने उदार. पण गच्चीचा स्लॅब लोखंडी सळ्यांच्या जाळीने भरलेला असतो आणि धातू लहरीला परत फिरवतो. लोखंडी कपाट, फ्रिज, भांड्यांची स्टीलची मांडणी, पत्र्याचे छप्पर, एवढेच नव्हे तर मोठा आरसाही या कामी अडसर ठरतो, कारण आरशाच्या पाठीवर धातूचा मुलामा असतो. पाणी लहर शोषून घेते; म्हणून भरलेल्या टाकीच्या आड ठेवलेला सेन्सर टाकी रिकामी असताना बोलतो आणि भरत आली की मुका होतो. ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी तो गप्प!

आता बहुतेक घरांतील राउटरची जागा आठवून पाहावी. केबलवाल्याने तार जेथून आत आणली तेथेच, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या आत तो बसवलेला असतो. दिवा कपाटात ठेवून साऱ्या घरात उजेड पडावा अशी अपेक्षा करण्यासारखेच हे आहे. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणि धातूपासून दूर आणला, तर कितीतरी घरांतील निम्मी तक्रार तेथेच मिटते. त्यासाठी दहा-पंधरा मीटर तार लागेल, नवे यंत्र लागणार नाही.

गर्दीचा प्रश्न

दुसरे कारण गर्दीचे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून घरगुती वापरास परवान्याविना खुला आहे. जे खुले, तेथे गर्दी होणारच. या एकाच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि झिगबी हे तिघेही बोलतात आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही चालू असताना तेथेच गोंगाट करतो.

वायफायच्या या पट्ट्यात १३ वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. एकमेकींच्या वाटेत न येणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात: १, ६ आणि ११. विश्रामबागेतील एखाद्या बारा सदनिकांच्या इमारतीत बारा राउटर असतील, तर या तीन वाहिन्यांवर त्यांची वाटणी व्हावयास हवी. सगळे एकाच वाहिनीवर असले, तर लग्नाच्या मांडवात सर्वांनी एकाच वेळी बोलावे तसे होते. मोबाइलवरील वायफाय मोजणाऱ्या एखाद्या मोफत अॅपने शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या वाहिनीवर आहेत ते दिसते. मग आपला राउटर त्यांतल्या त्यात मोकळ्या वाहिनीवर कायमचा ठेवावा. इमारतीतील रहिवाशांनी बैठकीत आपसांत वाहिन्या वाटून घेतल्या तर सर्वांचेच भले. शेजारधर्माचा हा नवा प्रकार म्हणावा लागेल.

झिगबी ही छोट्या सेन्सरांची बोली. या नावामागे मधमाशीच्या नागमोडी नृत्याची कल्पना आहे. फुलांचा पत्ता माशी नाचून दुसरीला सांगते, तसा येथे एक दिवा दुसऱ्या दिव्याला निरोप सांगतो. मधाचा थेंबही न घेता मधमाशीकडून घेतलेला हा धडा जैन वाचकास रुचावा. झिगबीच्या १६ वाहिन्या ११ पासून २६ पर्यंत क्रमांकित आहेत. वायफाय १ वर असेल तर झिगबी वरच्या टोकाकडे, म्हणजे २५ च्या आसपास ठेवली की दोघांची वाट वेगळी होते. झिगबीचा मुख्य डोंगल संगणकाच्या यूएसबी ३ च्या खोबणीत थेट खोचला, तर त्या खोबणीचा विद्युत गोंगाट त्याला बहिरा करतो. हात-दीड हात लांबीची साधी जोडतार लावून तो दूर ठेवणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

चांगल्या सवयीतून उद्भवणारी अडचण

झिगबीतील विजेवर चालणारे दिवे आणि प्लग हे निरोपे असतात. बॅटरीवरचे सेन्सर निरोप्याचे काम करीत नाहीत. जिन्यातील दिवा हा पुढच्या खोलीतील सेन्सरचा दुवा असू शकतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना मात्र वापर नसलेला दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय असते. ती सवय उत्तमच. पण त्या बटणासरशी दिव्याची वीज जाते, निरोप्या झोपतो आणि त्याच्यामागची चार उपकरणे अनाथ होतात. मुलाला वाटते यंत्र बिघडले. आजीला वाटते आपण वीज वाचवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर!

येथे आजीची सवय मोडण्यापेक्षा यंत्राची रचना बदलावी. स्मार्ट बल्बऐवजी भिंतीतील बटणामागे बसणारे छोटे स्मार्ट रिले लावले, तर बटणाचे बटणपण कायम राहते, दिवा हातानेही लागतो आणि निरोप्याची वीजही जात नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटणाच्या डब्यात न्यूट्रलची तार नसते. ती आहे की नाही हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे. विजेच्या कामात हौस करू नये.

वीज जाते, येते आणि पत्ता हरवतो

तिसरे कारण विजेचे. वळवाच्या पावसात वीज पाच वेळा जाते आणि येते. प्रत्येक वेळी राउटरला पुन्हा उभे राहण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. दरम्यान दिवे आणि कॅमेरे जागे होऊन त्याला शोधतात. तो सापडला नाही की काही यंत्रे नाद सोडून देतात. काहींना नंतर नवा अंतर्गत पत्ता मिळतो आणि जुन्या पत्त्यावर त्यांना शोधणारे यंत्र रिकाम्या हाताने परतते.

यावर तीन उपाय आहेत. राउटर आणि इंटरनेटची पेटी इन्व्हर्टरवर किंवा छोट्या स्वतंत्र यूपीएसवर घ्यावी. राउटरच्या मांडणीत महत्त्वाच्या यंत्रांना कायमचा पत्ता राखून ठेवावा. आणि राउटर बदलावा लागलाच, तर नव्या राउटरला जुन्याचेच नाव व जुनाच पासवर्ड द्यावा; बहुतेक यंत्रे काही न करता परत जोडली जातात. हे न केल्यामुळे अनेक घरांत एक राउटर बदलल्यावर वीस यंत्रे पुन्हा जोडत बसण्याची वेळ येते. पासवर्ड मात्र सोपा किंवा जगजाहीर असेल, तर तो बदलण्याचा त्रास सोसलेलाच बरा.

नवे यंत्र पहिल्यांदा जोडतानाची अडचण निराळी असते. स्वस्त यंत्रांना केवळ २.४ गिगाहर्ट्झ समजते, आणि मोबाइल मात्र त्याच नावाच्या ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो. अशा वेळी राउटरमध्ये २.४ ला वेगळे नाव द्यावे आणि छोटी यंत्रे त्यावरच ठेवावीत. राउटर केवळ सर्वांत नवी सुरक्षा पद्धत मागत असेल, तर जुनी यंत्रे दाराबाहेरच थांबतात. त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए २ ही पद्धत चालू ठेवावी लागते. मोठ्या वाड्यात एक राउटर पुरत नसेल तर दोन-तीन नगांचा मेश संच घ्यावा, पण ते नग शक्यतो तारेने जोडावेत. आधीच क्षीण झालेला संदेश पकडून दुसरा नग पुढे पाठवू लागला, तर तो क्षीणताच पुढे पाठवतो. तात्पर्य, जी वस्तू जागची हलत नाही आणि जिच्यापर्यंत तार नेता येते, तिला तारच द्यावी. गच्चीवरील टाकी, दारावरील कॅमेरा आणि टीव्ही यांना बिनतारी असण्याची काहीच निकड नाही.

निदानाची अनेकान्त दृष्टी

हत्तीची एकेक बाजू चाचपून त्याला खांब, सूप किंवा दोर म्हणणाऱ्या अंधांची कथा जैन घरांत लहानपणीच ऐकलेली असते. बिनतारी दोषाच्या बाबतीत घरोघरी हेच घडते. कंपनीचा माणूस म्हणतो राउटर बदला. दुकानदार म्हणतो बल्ब हलका आहे. मुलगा म्हणतो इंटरनेट खराब आहे. प्रत्येकाचे म्हणणे कोणत्या तरी अपेक्षेने खरे असते, पण पूर्ण नसते. भिंत, गर्दी आणि वीज ही तिन्ही कारणे एकत्र नांदत असतात.

म्हणून यंत्र विकत घेण्याआधी एक साधी वही घ्यावी. कोणते यंत्र, कोणत्या दिवशी, किती वाजता तुटले आणि तेव्हा घरात काय चालू होते, एवढेच आठवडाभर टिपावे. दुपारी बारानंतर स्वयंपाकघराजवळचेच यंत्र तुटत असेल, तर संशय ओव्हनवर. संध्याकाळी सगळीच मंदावत असतील, तर गर्दीवर. वीज आल्यानंतरच तुटत असतील, तर पत्त्यावर. नंतर रुसलेले यंत्र राउटरपासून चार-पाच फुटांवर आणून पाहावे. तेथे ते नीट चालले तर दोष यंत्रात नसून वाटेत आहे. तेथेही रुसले तर यंत्रात किंवा मांडणीत आहे. ही एक कसोटी अनेक खरेद्या वाचवते.

अॅपमध्ये संदेशाची ताकद उणे आकड्यांत दिसते. उणे ५० हा आकडा उत्तम, उणे ६५ पर्यंत समाधानकारक आणि उणे ७५ च्या खाली गेल्यास जोडणी केव्हाही सुटू शकते. दर १० आकड्यांना ताकद दहापट घटते, हे लक्षात ठेवले म्हणजे उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपटीचे अंतर आहे हे कळते. आणि एका वेळी एकच बदल करावा. जागा, वाहिनी आणि राउटर तिन्ही एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर पुन्हा आरंभापासून सुरुवात.

शेताने शिकवलेला धडा

शहरांत स्मार्ट घराचा बोलबाला होण्याच्या पुष्कळ आधी महाराष्ट्रातील शेतकऱ्याने दूरस्थ यंत्र हाताळले आहे. शेतीपंपाला वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत मिळते. अंधारात, साप-बिबट्याच्या वाटेने जाऊन मोटार चालू करावी लागते आणि गेल्यावर कळते की वीजच नाही. या त्रासावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केले. मोटारीच्या स्टार्टरला मोबाइल संपर्क जोडायचा आणि घरून फोन लावून मोटार चालवायची, अशी ही रचना. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले.

या यंत्राचे खरे मर्म हुकूम पाठवण्यात नाही, उत्तर मिळण्यात आहे. शेतात वीज आहे की नाही, मोटार खरोखर सुरू झाली की नाही, हे शेतकऱ्याला फोनवरच्या ध्वनीवरून कळते. ‘सांगितले’ आणि ‘झाले’ यांतील अंतर त्याने ओळखले होते, कारण त्या अंतरात त्याचे पीक वाळत होते.

घरातील यंत्रांनाही हीच कसोटी लावावी. बहुतेक सेन्सर काही घडले तरच बोलतात. गप्प सेन्सरचा अर्थ ‘सर्व कुशल’ असाही होतो आणि ‘मी बंद पडलो आहे’ असाही. मौन दोन्हींचे सारखेच. म्हणून आजीच्या बटणासारख्या यंत्रात दोन सोयी अवश्य पाहाव्यात: ठराविक काळाने ‘मी जागा आहे’ असा निरोप ते देते काय, आणि तो निरोप चुकल्यास किंवा बॅटरी उतरल्यास मुलाला सूचना जाते काय. ही सोय नसेल, तर दर रविवारी सकाळी आजीने बटण दाबावे आणि मुलाने फोन करून ‘पोहोचले’ म्हणावे. यंत्राची तपासणी होते आणि दोन शब्द बोलणेही होते.

दुसरी कसोटी इंटरनेटवाचून चालण्याची. अनेक यंत्रांचा निरोप घरातल्या दिव्यापर्यंत जाण्यासाठी परदेशातील सर्व्हरला वळसा घालून येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीकरांनी वीज आणि संपर्क दोन्ही तुटण्याचा अनुभव घेतला. अशा वेळी जिन्यातला दिवा हाताने लागला पाहिजे, मोटार हाताने बंद झाली पाहिजे आणि दार किल्लीने उघडले पाहिजे. हाताची सोय काढून टाकणारे यंत्र कितीही चतुर असले, तरी ते घरात घेऊ नये.

व्रत आणि यंत्र

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत स्पीकरला सूर्यास्ताची आठवण करून देण्याचे काम दिलेले आढळते. सांगलीत हिवाळ्यात सहाच्या आसपास आणि जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर मावळणाऱ्या सूर्याचा हिशेब यंत्र सहज ठेवते. पण ज्या सायंकाळी जोडणी तुटते, त्या सायंकाळी आठवण येत नाही, आणि तिच्यावर विसंबलेल्या वडीलधाऱ्यांना वेळ टळल्याची रुखरुख लागते. भिंतीवरील पंचांग आणि घड्याळ हेच प्रमाण मानावे. यंत्राला केवळ मदतनीस समजावे. टाकीच्या सेन्सरचेही तसेच. वाहून गेलेले पाणी हा केवळ पैशाचा अपव्यय नसून अप्काय जीवांची हिंसा आहे, असे मानणाऱ्या घराने टाकीत साधा तरंगता व्हॉल्व्हही बसवून घ्यावा. तो कोणत्याही लहरीवर अवलंबून नाही.

अपरिग्रहाचा विचार येथे व्यवहारालाही धरून आहे. पाच यंत्रांचे घर सांभाळणे सोपे. तीस यंत्रांच्या घरात रोज कोणते तरी रुसलेले असते, आणि खरोखर महत्त्वाच्या यंत्राची हाक त्या गलक्यात हरवते. ज्या यंत्राविना काही अडत नाही, ते काढून ठेवले की उरलेल्यांची वाट मोकळी होते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल दीड तास बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. त्या भोंग्याला ना पासवर्ड लागतो ना वाहिनी, आणि तो वाजला की नाही याविषयी गावात कोणालाही शंका राहत नाही. घरातील बिनतारी यंत्रांकडूनही एवढ्याच नेमकेपणाची अपेक्षा ठेवावी: थोडे बोलावे, वेळेवर बोलावे आणि बोलता आले नाही तर तेही कळवावे.